वाचकांचे प्रश्न : सिव्हिलला जाताना

सरकारी दवाखान्याबद्दलची तुमची पत्रं बरीच साचली होती. सारख्या प्रश्नांची पत्रं एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत. आजार काय आणि त्यावर औषध कोणतं, हे डॉक्टरच सांगतील. आमचा भर आहे तो कुठे जायचं, कधी जायचं, सोबत काय न्यायचं आणि काम कुठे अडतं यावर.

आमच्या गावच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपरचे पैसे घेत नाहीत, यवतमाळला मात्र घेतले. मग मोफत म्हणतात ते खरं की खोटं? शिवाय अकरा वाजता पोचलो तर रक्त तपासायला दुसऱ्या दिवशी बोलावलं. एवढ्या लांबून रोज कसं यायचं?
*वाचक, दिग्रस, जि. यवतमाळ*

दोन्ही खरं आहे, कारण ही रुग्णालयं दोन वेगळ्या खात्यांची आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा सामान्य रुग्णालय आणि जिल्हा स्त्री रुग्णालय ही सार्वजनिक आरोग्य विभागाची. तिथे 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासण्या, भरती आणि औषधं मोफत आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं, म्हणजे लोक ज्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात ती, वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात. तिथे ठरावीक शुल्क लागू शकतं. गेल्या काही वर्षांत विदर्भातली बरीचशी जिल्हा रुग्णालयं नव्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडली गेली. त्यामुळे लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’ असलं तरी कारभार आता कोणाचा आहे, हे बाहेरून कळत नाही. केसपेपरच्या खिडकीशेजारी दरफलक असतो, तो वाचा. पैसे दिले तर पावती घ्या. पावती मिळत नसेल, तर ते शुल्क नव्हे.

आता वेळेचं. बाह्यरुग्ण विभाग (ओपीडी) सकाळीच चालतो आणि केसपेपरची खिडकी साडेबाराच्या आसपास बंद होते. रक्त घेणारी खोली त्याच्याही आधी आटोपते, कारण नमुने एकदमच मशीनवर लावतात. तुम्ही अकराला खिडकीशी, बाराला डॉक्टरांसमोर आणि साडेबाराला रक्ताच्या खोलीशी पोचलात, तर तिथे कुलूपच दिसेल. म्हणून पहिली एसटी पकडा आणि उपाशीपोटी या. उपाशीपोटीची साखर मोजायला रात्रीच्या जेवणानंतर 8 ते 10 तास काही खाल्लेलं चालत नाही. चहाही नाही, बिनसाखरेचासुद्धा नाही. पाणी चालतं. मधुमेहाची (साखरेची) गोळी सोबत आणा, पण रक्त देऊन झाल्यावर आणि जेवतानाच घ्या. रक्तदाबाची रोजची गोळी मात्र घोटभर पाण्यासोबत घेऊन या, कारण ती चुकली की रक्तदाब चढतो आणि ठरलेलं ऑपरेशनसुद्धा पुढे जातं. पोटाच्या सोनोग्राफीला उपाशी राहावं लागतं. गर्भाशयाच्या किंवा लघवीच्या तक्रारीसाठी सोनोग्राफी असेल तर उलट मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून तास-दीड तास आधी तीन-चार ग्लास पाणी प्या आणि लघवी रोखून धरा. गरोदर बाईच्या सोनोग्राफीला कायद्याने अर्ज भरावा लागतो, त्यासाठी आधार कार्डाची झेरॉक्स आणि डॉक्टरांची चिठ्ठी हाताशी ठेवा.

केसपेपरच्या खिडकीवर त्रास नेमका सांगा. ‘अंग दुखते’ एवढंच म्हटलं की चिठ्ठीवर अस्थिव्यंग लिहून होतं आणि माणूस तासभर हाडांच्या रांगेत उभा राहतो. त्याला खरं तर चार दिवसांचा ताप असतो आणि जायचं असतं मेडिसीनला. काही रुग्णालयांत दारावर क्यूआर कोडचा फलक असतो. आभा क्रमांक (सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक) असेल तर मोबाईलने तो स्कॅन करून टोकन मिळतं आणि केसपेपरची रांग टळते. आणि जुना केसपेपर फेकू नका. मागच्या औषधांची नोंद त्यावरच असते.

आमच्याकडे सोयाबीन सोंगाच्या टायमाले लय साप निंगतेत. मांगच्या साली शेजारच्या पोराले चावला तं दवाखान्यात नेलं, पण त्यायनं इंजेक्शनच नाई देल्लं, नुसतं झोपवून ठेवलं. असं काहून करतेत? आन् जवळच्या केंद्रात न्याव का सीधं इर्विनले?
*वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती*

आधी जवळच्या केंद्रात न्या. सर्पविषावरची लस, डॉक्टर जिला एएसव्ही म्हणतात, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयातही ठेवलेली असते. तिथे सुरुवात करून मग पुढे नेलेला रुग्ण वाचण्याची शक्यता जास्त. सरळ इर्विन, म्हणजे अमरावतीचं जिल्हा रुग्णालय, गाठायला निघालात आणि वाटेत श्वास अडला, तर गाडीत कोणाच्याच हातात काही नसतं. निघतानाच 108 ला फोन करा.

लस लगेच का देत नाहीत? प्रत्येक साप विषारी नसतो, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष अंगात उतरतंच असं नाही. लस घोड्याच्या रक्तापासून बनते. तिची रिअ‍ॅक्शन जीवघेणी होऊ शकते. म्हणून विष चढल्याची खूण दिसल्याशिवाय ती देत नाहीत. ती खूण शोधायची एक साधी चाचणी आहे. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत दोन-तीन मिली रक्त घेतात आणि नळी 20 मिनिटं न हलवता ठेवतात. नंतर ती तिरपी करतात. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष चढलेलं आहे. नाग आणि मण्याराच्या विषात रक्त नीट गोठतं, त्यामुळे त्यांच्यासाठी पापण्या बघतात. पापण्या जड होणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, आवंढा न गिळता येणं ही लक्षणं आहेत. तुम्हाला ‘नुसतं झोपवून ठेवलं’ असं वाटलं, त्या वेळात हे सगळं पुन्हा पुन्हा तपासलं जात असतं. काही लक्षण नसलं तरी 24 तास दवाखान्यात ठेवतात. ‘काही झालं नाही ना’ म्हणत रात्री घरी घेऊन जाऊ नका.

मण्याराबद्दल वेगळं सांगायला हवं. तो रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दुखत नाही, सूज येत नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, डोळे उघडत नाहीत. घरच्यांना वाटतं अपचन झालं. पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाला सकाळी असं झालं, तर साप दिसला नसला तरी डॉक्टरांना तसं सांगा.

लस द्यायची ठरली की सुरुवातीलाच 8 ते 10 बाटल्या सलाइनमधून देतात, एकेक बाटली 10 मिलीची. लहान मुलालाही तेवढीच, कारण सापाने विष मुलाचं वजन बघून सोडलेलं नसतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस चालते. म्हणून साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही. त्या धांदलीत दुसऱ्याला चावतो. लांबून फोटो मिळाला तर ठीक.

दवाखान्यात पोचेपर्यंत: रुग्णाला चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, जोडवी, कडं लगेच काढा, सूज आली की कापावी लागतात. हात-पाय काठीच्या आधाराने सैल बांधून स्थिर ठेवा. घट्ट दोरी बांधू नका. कोणी आधीच बांधली असेल तर वाटेत एकदम सोडू नका, ती डॉक्टरांसमोर सोडू द्या. जखम कापणं, चोखणं, वर काही लेप लावणं नको. कडुलिंबाचा पाला किंवा मिरची चावायला देऊन ‘चव लागते का’ हे बघण्यात जो अर्धा तास जातो, तोच महागात पडतो.

शेतकरी कुटुंबासाठी आणखी एक. सर्पदंशाने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना 2 लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करायचा असतो. त्यासाठी दवाखान्याची नोंद आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. जे घरीच मांत्रिकाकडे ठेवतात, त्यांच्याकडे नेमके हेच कागद नसतात.

फवारणी करताना भावाला चक्कर आली. दवाखान्यात पोलीस आला, जबाब घेतला. आता केस होईल म्हणून घरचे घाबरले आहेत. औषधाचं नाव सांगायचं की नाही?
*वाचक, घाटंजी, जि. यवतमाळ*

सांगा, आणि बाटलीच आणा. विषबाधा, अपघात, भाजणं, मारहाण अशा रुग्णांची नोंद डॉक्टरांना ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस) म्हणून करावीच लागते आणि ती पोलीस चौकीला कळवावी लागते. जबाब घेतला याचा अर्थ गुन्हा दाखल झाला असा होत नाही. आणि समजा कोणी मुद्दाम औषध घेतलं असेल, तरीही लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम 309 तर 1 जुलै 2024 पासून उरलेलंच नाही. मन मोकळं करायला ‘टेलिमानस’चा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. तो घरात लिहून ठेवा.

नाव का महत्त्वाचं, ते बघा. मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांवर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन आहे. तणनाशकातल्या पॅराक्वाटवर उतारा नाही. त्यात पहिल्या दिवशी फक्त तोंडात फोड येतात आणि रुग्ण बरा वाटतो, मूत्रपिंडं आणि फुप्फुसं नंतर निकामी होतात. दोन्हींचे उपचार वेगळे. पंपात दोन-तीन औषधं एकत्र कालवली असतील तर सगळ्यांच्या बाटल्या किंवा निदान लेबलं आणा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हाताला न लागता. लेबलवरचा रंगीत चौकोनही डॉक्टरांना उपयोगी पडतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

घरून निघण्याआधी पाच मिनिटं काढून अंगावरचे कपडे उतरवा आणि साबण-पाण्याने अंग, केस, नखांच्या कडा धुवा. विष कातडीतूनही आत जात राहतं. कपडे न काढता आणलेल्या रुग्णाच्या अंगात वाटभर विष शोषलं जात असतं, आणि त्याला धरून बसलेल्या माणसालाही मळमळ सुरू होते. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. दूध, तूप काही नको. ते श्वासनलिकेत गेलं की दुसरंच संकट.

भरती झाल्यावर दोन गोष्टींत नातेवाईक चुकतात. अ‍ॅट्रोपिन चढलं की रुग्णाचं तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होतो, तो बडबडतो, पाणी मागतो, नळ्या ओढतो. ही औषधाची लक्षणं आहेत. डॉक्टर त्यावरूनच मात्रा ठरवतात. दया येऊन बांधलेले हात सोडू नका आणि लपून पाणी पाजू नका. दुसरी चूक म्हणजे दुसऱ्या दिवशी ‘बरा झाला’ म्हणून सुट्टी मागणं. या विषात पहिल्या दिवसानंतर, चौथ्या दिवसापर्यंत कधीही मान उचलता न येणं आणि श्वास मंदावणं सुरू होऊ शकतं. तेव्हा व्हेंटिलेटर जवळ असावा लागतो, आणि घाटंजीच्या घरात तो नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक जण दगावले. त्यानंतरही लोक उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडावर पंप धरून फवारतातच.

‘नागपूरला न्या’ असं सांगितलं की आमचं डोकंच चालत नाही. मेडिकल, मेयो, सुपर यात कुठे जायचं?
*वाचक, सिंदेवाही, जि. चंद्रपूर*

ते तुम्ही ठरवू नका, रेफर चिठ्ठीवर लिहून घ्या. चिठ्ठीत कुठे, कशासाठी, आतापर्यंत काय दिलं, शेवटचं इंजेक्शन किती वाजता दिलं आणि पाठवताना नाडी-रक्तदाब किती होता, एवढं असायलाच हवं. ‘रेफर टू हायर सेंटर’ एवढीच ओळ असेल तर सिस्टरला नम्रपणे म्हणा, औषधांच्या वेळा लिहून द्या. नागपूरच्या अपघात विभागात पहिला प्रश्न तोच असतो.

मेडिकल म्हणजे हनुमाननगरकडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मेयो म्हणजे रेल्वे स्टेशनजवळचं इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. दोघांचे अपघात विभाग चोवीस तास चालू असतात. सुपर स्पेशालिटी मेडिकलचाच भाग आहे. हृदय, मूत्रपिंड, मेंदूचे विशेष विभाग तिथे आहेत, पण ते मुख्यतः दिवसाच्या ओपीडीसाठी. रात्री दोनला रुग्ण घेऊन तिथे जाऊ नका. एम्स मिहानला, गावाबाहेर.

एका दवाखान्यातून दुसऱ्यात न्यायलाही 108 मोफत आहे आणि त्यात डॉक्टर असतो. फाटकाशी ‘लवकर पोचवतो, तिथे ओळख आहे’ म्हणणारा गाडीवाला भेटला, तर तो बहुधा तुम्हाला सरकारी दवाखान्यात पोचवत नाही. एक्स-रेच्या मूळ प्लेट आणि सीटी स्कॅनची सीडी सोबत घ्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. दोनच माणसं जा, त्यातला एक रक्त देऊ शकेल असा धडधाकट. चादर, ताट-वाटी, मग, पाण्याची बाटली, चार्जर, छोटं कुलूप बरोबर असू द्या. घरी फोन करून राशन कार्डाचा फोटो मागवून ठेवा. त्याचं कारण पुढच्या उत्तरात.

आमचं राशन कार्ड पांढरं आहे. जनआरोग्य योजना आम्हाला नाही असं एका खासगी दवाखान्यात सांगितलं.
*वाचक, पुसद, जि. यवतमाळ*

ती जुनी माहिती आहे. ही योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, तेव्हा पिवळं आणि केशरी कार्ड लागायचं. आता महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू आहे, पांढऱ्यालाही. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. 70 वर्षांच्या आणि त्यावरच्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचं वेगळं कार्ड निघतं.

योजनेत नोंदलेल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. सगळ्यात आधी त्याला भेटा. राशन कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र त्याला दाखवायचं. तो नोंद करतो, दवाखाना तपासण्यांचे रिपोर्ट ऑनलाइन पाठवतो, मंजुरी येते आणि मग ऑपरेशन. म्हणून ठरलेल्या ऑपरेशनला दोन-तीन दिवस जातात. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी मिळते आणि कागद नंतर देता येतात. काम अडतं ते नावात. राशन कार्डावर ‘गंगूबाई’ आणि आधारवर ‘गंगाबाई’, किंवा सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर. हे दुरुस्त करायला तहसीलमध्ये चकरा होतात, म्हणून आजार नसतानाच करून ठेवा. ओपीडीची औषधं या योजनेत नाहीत, ठरावीक उपचारांसाठी भरती व्हावं लागतं. मंजूर उपचारासाठी पैसे मागितले तर 155388 किंवा 1800 233 2200 वर, दवाखान्यात असतानाच तक्रार करा. घरी आल्यावर केलेल्या तक्रारीला पावती मागतात.

धर्मादाय ट्रस्टच्या दवाखान्यांबद्दल फार कमी लोकांना माहीत असतं. त्यांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकाला भेटायचं.

मुलीची पहिली खेप आहे. गाव डोंगरात, पावसाळ्यात नाल्याला पूर. कधी निघावं, काय न्यावं? आणि मुलगा झाला की पैसे मागतात, ते द्यावे का?
*एक आई, धारणी, जि. अमरावती*

देऊ नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सरकारी दवाखान्यातली प्रसूती, सिझर, औषधं, रक्त आणि आईचं जेवण मोफत आहे. घरून दवाखान्यात आणि परत घरी सोडायला 102 ची गाडीही. ‘खुशी’ मागणारा मुलगा झाला तर जास्त मागतो आणि मुलगी झाली तर कमी, यातच सगळं आलं. मेट्रन किंवा वैद्यकीय अधीक्षकाला लगेच सांगा.

मेळघाटात काही आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ आहे. तारखेच्या काही दिवस आधी तिथे येऊन राहता येतं. आशाताईला आत्ताच विचारून ठेवा. पूर उतरण्याची वाट बघत कळा सोसण्यापेक्षा ते बरं. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगटाचा आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट, आधार आणि मुलीच्या स्वतःच्या नावाचं पासबुक घ्या. जननी सुरक्षेचे पैसे, ग्रामीण भागातल्या पात्र बाईला 700 रुपये, तिच्याच खात्यात येतात. नवऱ्याचं खातं चालत नाही. बाळासाठी नवं, कडक कापड नको, धुतलेलं जुनं सुती लुगडं फाडून आणा. टोपी-मोजे पावसाळ्यातही लागतात.

बाळाला पहिल्या तासात अंगावर घ्या, चीक फेकू नका, मध-घुटी नको. बीसीजी, पोलिओचा डोस आणि कावीळ ‘ब’ ची लस सुट्टीआधी मिळाली ना हे कार्डावर बघा. नॉर्मल प्रसूतीनंतरही 48 तास थांबा, कारण रक्तस्राव होतो तो बहुतेक पहिल्या दिवसात.

मला ‘एएस’ निघालं. मी रुग्ण आहे का? भाऊ ‘एसएस’ आहे, त्याला दर महिन्याला गडचिरोलीला जावं लागतं.
*वाचक, ता. चामोर्शी, जि. गडचिरोली*

एएस म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. तुम्हाला औषध लागत नाही, पण लग्नाआधी जोडीदाराची तपासणी लागते. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. पहिली सोल्युबिलिटी चाचणी फक्त ‘आहे की नाही’ एवढंच सांगते. एएस की एसएस हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीवरच कळतं. तेव्हा रिपोर्टवर चाचणीचं नाव बघा.

भावासाठी: सिकलसेल रुग्णाला सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत मिळतं आणि बदली रक्तदाता मागू नये असा नियम आहे. एसटीत त्याला प्रवास सवलतही आहे, जिल्हा रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर. हायड्रॉक्सियुरिया सुरू असेल तर ठरल्या वेळी रक्त तपासून घ्यावंच लागतं, गोळ्या गावातल्या मित्राकरवी मागवून ते टाळू नका. ताप आला, छातीत दुखलं किंवा श्वास लागला, तर महिन्याच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी भरती व्हा. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं आणि थंडीत पहाटे वावरात गेला की दुखणं उचल खातं.

रक्त द्यायला आठ जण घेऊन गेलो, सात जणांना परत पाठवलं!
*वाचक, मूल, जि. चंद्रपूर*

वय 18 ते 65, वजन निदान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5, आणि आधीच्या रक्तदानाला पुरुषाचे 90 आणि बाईचे 120 दिवस झालेले असावे लागतात. मलेरिया होऊन तीन महिने व्हायचे असतील तर चालत नाही, आणि तुमच्या भागात बरेचसे इथेच गळतात. रात्री दारू घेतलेला, उपाशीपोटी आलेला, आजच कुत्रं चावलेला हेही नाहीत. न्याहारी करून, पाणी पिऊन या. रक्तगट जुळणाराच हवा असं नाही, रक्तपेढी कोणत्याही गटाच्या रक्ताच्या बदल्यात रुग्णाच्या गटाचं रक्त देते.

आजीला बघायला गावातून टेम्पो भरून लोक आले. शिपायाने आत सोडलं नाही, म्हातारी माणसंसुद्धा उन्हात उभी. हा काय माणुसकीचा नियम?
*वाचक, आर्वी, जि. वर्धा*

वॉर्डात एका रुग्णासोबत एकच पासवाला राहतो आणि भेटायची वेळ बहुधा संध्याकाळी असते. नेमकी वेळ फाटकावर लिहिलेली असते. नियम आजीसाठीच आहे. ऑपरेशन झालेल्या दहा खाटांच्या खोलीत चाळीस माणसं आली की जंतू येतात, आणि सिस्टरला खाटेपर्यंत पोचता येत नाही. टेम्पो न आणता दोघे-दोघे पाळीने या. लहान मुलं, सर्दी-खोकलावाले घरीच. खाटेवर बसू नका, सलाइनचं चाक हळू-जोरात करू नका. बाटली संपत आली तर सिस्टरला सांगा.

डब्याबद्दल आधी विचारा. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीनंतर काहीही द्यायचं नाही म्हणजे काहीही नाही. पोटात काही असेल तर भूल देताना ते फुप्फुसात जातं. यात खर्राही (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) धरा. उशीखाली पुडी ठेवणारे नातेवाईक प्रत्येक वॉर्डात सापडतात. रुग्णाने गुपचूप दाढेत धरलेला असतो, आणि टेबलावर तोंड उघडलं की ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. खर्ऱ्याने तोंड उघडणं कमी झालेलं असेल तर भुलेच्या डॉक्टरांना आधीच सांगा, त्यांना नळी घालायची वेगळी तयारी करावी लागते. जिन्याच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्यांबद्दल काही लिहायला नको, त्या सगळ्यांना दिसतातच.

वडील जिल्हा रुग्णालयात वारले. मृत्यूचा दाखला आमची ग्रामपंचायत देत नाही म्हणते. सातबाऱ्यावर वारस लावायचे आहेत.
*वाचक, कारंजा (लाड), जि. वाशीम*

ग्रामपंचायत बरोबर सांगते. जन्म असो की मृत्यू, नोंद घटना जिथे घडली तिथेच होते, राहत्या गावी नाही. रुग्णालय मृत्यूची माहिती आणि कारणाचं प्रमाणपत्र तिथल्या निबंधकाकडे पाठवतं आणि दाखला तिथूनच मिळतो. 21 दिवसांच्या आत नोंद झाली की विलंब शुल्क नाही. बाळाच्या जन्माचंही असंच. नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय नोंद करा, वर्षभरात ते विनाशुल्क भरता येतं.

रुग्णालय सोडण्याआधी तिथल्या फॉर्मवर वडिलांचं नाव आधार आणि सातबारा यांच्याशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते बघा. भरतीच्या वेळी घाईत कोणीतरी ‘बापूराव’ सांगितलेलं असतं आणि सातबाऱ्यावर ‘बापूजी’ असतं. एकदा दाखला निघाला की दुरुस्तीला प्रतिज्ञापत्रं लागतात आणि तलाठ्याकडे फेरफार अडून राहतो. चार-पाच प्रती एकदमच काढा, बँक, विमा, तलाठी, पेन्शन सगळेच मूळ प्रत मागतात. मृत्यू अपघात किंवा विषबाधेने झाला असेल तर शवविच्छेदनाचा अहवाल पोलीस ठाण्यातून घ्यावा लागतो, त्यासाठी एमएलसी क्रमांक लिहून घ्या. उपचारांचे कागद हवे असतील तर लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. असे कागद 72 तासांत द्यायचे असतात, आणि ते तास त्या शिक्क्यापासून मोजले जातात.